सासूबाईंचं वरण-भात, मुलाची बिर्याणी आणि तीन दिवसांचं हैदराबाद

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: वय ४५, शाळेत शिक्षिका, राहणार मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी. संक्रांत झाली की रात्रीच्या गाडीनं निघायचं, शुक्रवारी सकाळी हैदराबादला पोचायचं आणि रविवारी रात्री परतीची गाडी धरायची, असा बेत आहे. बरोबर पती, १७ वर्षांचा मुलगा, ११ वर्षांची मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि जिथं मांसाहार शिजतो तिथं त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. मुलानं बिर्याणी, निहारी, हलीम यांच्या हॉटेलांची यादी मोबाइलमध्ये भरून ठेवली आहे. मुलीला रामोजी फिल्म सिटी बघायची आहे. पती म्हणतात, "टुरिस्ट बस धरू, ते सगळं दाखवून आणतात." ताईंनी तासातासाचं वेळापत्रक केलंय, त्यात २२ ठिकाणं आहेत. "पुन्हा कधी जाणं होणार, म्हणून काही सुटायला नको. पण तो कागद बघितला की आत्ताच दमल्यासारखं होतं. कोणाचं मन मोडू?" असं त्या विचारतात. शेवटी एक ओळ आहे: "माझे आजोबा, आईचे वडील, उस्मानिया विद्यापीठात शिकले. ती इमारत बघायची होती, पण त्यात कोणाला रस असणार नाही म्हणून यादीत घातली नाही."

ताई,

आधी कामाचं बोलते, कारण ते राहिलं तर तुमचा पहिलाच दिवस हातचा जाईल. सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा ही दोन्ही ठिकाणं शुक्रवारी बंद असतात. पुराणी हवेलीतलं निजामाचं संग्रहालयही बंद असतं. तुम्ही नेमकी हीच शुक्रवारी लावली आहेत. त्यातून दुपारी मक्का मशिदीत जुम्म्याची नमाज असते आणि चारमिनारच्या अंगाला प्रचंड गर्दी होते. तेव्हा जुनं शहर शनिवारी ठेवा आणि शुक्रवार गोवळकोंड्याला द्या. एवढ्या एका बदलानंच तुमचा कागद अर्धा सुटसुटीत होईल.

आता त्या वाक्याकडे येऊ, ज्यातून ही बावीस ठिकाणं जन्माला आली: "पुन्हा कधी जाणं होणार?" का नाही होणार? तुमच्या भागातून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे. एका रात्रीचा प्रवास. तुमच्याकडची माणसं दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी, परीक्षांसाठी तिथं जातच असतात. १९४८ पर्यंत तर मराठवाड्याचे तेव्हाचे पाचही जिल्हे हैदराबाद संस्थानातच होते. कोर्टकचेरी असो की कॉलेज, वाट तिकडेच जायची. काश्मीरला निघालेल्या माणसाला "आयुष्यात एकदाच" म्हणणं शोभेल. तुम्ही दोन वर्षांनी पुन्हा जाऊ शकता, आणि पुढच्या खेपेला मुलगा एकटाही जाईल. हे एकदा मनात ठरलं की 'काही सुटायला नको' ही धास्ती उरत नाही. काही ठिकाणं सुटू द्या, ती पुढच्या खेपेची.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. पाचही जणांनी तिन्ही दिवस एकत्रच हिंडायचं, एकाच टेबलावर जेवायचं, असं तुम्ही धरून चालला आहात. पत्रात सासूबाईंबद्दल तीन ठिकाणी "त्यांना वाईट वाटेल" असं आलंय, पण "त्या म्हणाल्या" असं एकदाही नाही. विचारलंत का त्यांना? बहात्तराव्या वर्षी दुपारी दोन तास खोलीवर पाय लांब करून पडायला मिळालं, तर बहुतेकांना तीच सहलीतली सुखाची वेळ वाटते. आपल्यामुळे नातवंडं अडून बसलीत हेच त्यांना जास्त टोचत असेल. निघायच्या आधी एका संध्याकाळी चहा घेताना त्यांनाच विचारा: "आई, कुठं यायचंय आणि कुठं नको?" त्यांचं उत्तर माझ्या सल्ल्याहून मोलाचं.

एक अट मात्र आधीच ठरवून घ्या, ताई. सासूबाईंजवळ थांबायची पाळी आली की ती आपोआप सुनेवर येते. तुम्ही लिहिलंय, "बिर्याणी मलाही आवडते, पण त्यांच्यासमोर नको वाटतं." मग शनिवारी दुपारी बाप-लेक बिर्याणीला जातील तेव्हा तुम्ही आईंजवळ थांबा, आणि रविवारी दुपारी तुम्ही मुलाला घेऊन जा, तुमचे पती त्यांच्या आईजवळ थांबतील. हे घरीच, तिकिटं काढतानाच बोलून ठेवा. तिथं भुकेच्या वेळी हा विषय निघाला तर तुम्हीच "राहू द्या" म्हणाल, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

शुक्रवार असा करा. उतरल्यावर आंघोळी-नाश्ता आणि गोवळकोंडा. जाण्यायेण्यासाठी दिवसभराची गाडी ठरवली तर पैसे सत्कारणी लागतील, कारण किल्ला शहराच्या पश्चिम टोकाला आहे. वर बालाहिसारपर्यंत, म्हणजे किल्ल्याच्या माथ्यापर्यंत, साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. सासूबाईंनी त्या चढू नयेत, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, कारण खालीही पुष्कळ आहे. प्रवेशाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर बालाहिसारपाशी ऐकू येते. मुलगी आणि तिचे बाबा वर गेले की टाळी खालून आजींनी वाजवायची. म्हणजे आजी या खेळात आल्याच.

मुलांना इथं एक गोष्ट जरूर सांगा. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज भागानगरला, म्हणजे हैदराबादला आले होते आणि अबुल हसन कुतुबशहाला भेटले होते. ही भेट जुळवण्यात कुतुबशहाचा कारभारी मादण्णा याचा मोठा वाटा होता. येसाजी कंक हत्तीशी झुंजले ती गोष्ट याच मुक्कामातली म्हणून सांगतात. किल्ल्यात मादण्णा आणि त्याचा भाऊ अक्कण्णा यांच्या कचेऱ्यांचे अवशेष आजही दाखवले जातात. दहाच वर्षांनी, १६८७ मध्ये, आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबानं हाच किल्ला घेतला. आणि सासूबाई भजनात रमणाऱ्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांना भद्राचलच्या रामदासाची गोष्ट सांगा: सरकारी महसुलाचा पैसा रामाच्या देवळाला लावला म्हणून कुतुबशहानं त्याला इथंच कोंडलं होतं, आणि त्याची रामाला आळवणारी पदं तेलुगू मुलखात आजही गातात. ही कोठडी चढाच्या वाटेवर आहे. मुलं फोटो काढून आणतील.

किल्ल्याला निदान तीन तास ठेवा, टोपी आणि पाणी न्या. जानेवारी असला तरी दगड दुपारी तापतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नसतं, तेव्हा मुलीचं वयाचं ओळखपत्र जवळ असू द्या.

रामोजी फिल्म सिटीबद्दल स्पष्टच सांगते: या खेपेला नको. ती शहराबाहेर लांब आहे आणि धड बघायची तर अख्खा दिवस घेते. तीनातला एक दिवस म्हणजे फार झालं. पण मुलीला "बघू, वेळ मिळाला तर" असं सांगून नेऊ नका. अकरा वर्षांच्या मुलीला ते बरोबर कळतं आणि मग ती तिन्ही दिवस वाट बघत राहते. आत्ताच खरं सांगा आणि बदल्यात तिची म्हणून एक संध्याकाळ द्या. तुमच्या तारखांना ती आयतीच जमून आली आहे: नामपल्लीच्या मैदानावर दरवर्षी १ जानेवारीपासून साधारण दीड महिना 'नुमाइश' भरते. १९३८ पासूनचं हे प्रदर्शन म्हणजे हैदराबादकरांची जत्राच. पाळणे, खेळण्यांची दुकानं, लखनवी कुर्ते, काश्मिरी शाली, खाण्याच्या गाड्या, सगळं एका आवारात. शनिवार-रविवारी तिथं तुफान गर्दी होते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच जा. चालणं खूप असतं. सासूबाई नको म्हणाल्या तर त्यांना खोलीवर राहू द्या आणि मुलीला पाळण्यात बसवायचं काम बाबांकडे सोपवा.

शनिवार जुन्या शहराचा, आणि इथं मुलाच्या यादीला हात घालावा लागेल. हैदराबादला खायचं तर तिथल्या वेळा पाळाव्या लागतात. निहारी हा पहाटेचा पदार्थ. रात्रभर मंद आचेवर शिजलेला रस्सा आणि सोबत चारकोनी नान. दहा वाजता उठून गेलात तर भांडं रिकामं. बिर्याणी दुपारची. कच्चं मटण मसाल्यात मुरवून त्यावर अर्धवट शिजलेला भात रचतात, कणकेनं झाकण बंद करून दम देतात, आणि दुपारी ती हंडी उघडते तेव्हाची चव रात्री उरलेली नसते. तिथं 'गोश्त' मागा. चिकनची मिळते, पण मूळ चीज मटणाचीच. सोबतचं मिर्ची का सालन आणि दह्याची चटणी टाकून देऊ नका. कित्येक ठिकाणी एका प्लेटमध्ये दोघांचं पोट भरतं, म्हणून आधी एक मागवा. हलीम, म्हणजे गहू आणि मटण एकत्र घोटलेलं, खरी रमजानची. जानेवारीतही काही ठिकाणी मिळेल, पण मुलाला ती या खेपेला वगळायला सांगा. थोडक्यात, त्याच्या आठ हॉटेलांतून दोन निवडायची: एक पहाटेचं आणि एक दुपारचं. पहाटेसाठी बाबांना उठवायची जबाबदारी त्याचीच.

बाकीचे साडेसातपर्यंत चारमिनारला पोचा. मेट्रोनं जायचं तर एमजीबीएस (महात्मा गांधी बस स्टेशन) या स्टेशनला उतरून पुढं रिक्षा. १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहानं शहर वसवलं तेव्हाची ही इमारत दुकानं उघडायच्या आधी जशी दिसते तशी नंतर दिवसभर दिसत नाही. जवळच गुलजार हौजपाशी इडली-डोशाच्या बंड्या लागतात. तिथं गाडीला बंडीच म्हणतात, तुमच्या कानाला शब्द परका वाटायचा नाही. गोविंदची बंडी त्यात नावाजलेली. सगळं शाकाहारी, वर लोणी आणि लाल पोडी, म्हणजे कोरडी चटणी. उभ्यानं खावं लागतं, तर सासूबाईंसाठी घडीचं स्टूल जवळ असू द्या. मुलगा निहारी खाऊन आलेला असला तरी डोसा खाईल, त्याची काळजी नको.

मग मक्का मशीद बघा. १६१७ च्या सुमाराला सुरू झालेलं तिचं बांधकाम १६९४ मध्ये औरंगजेबाच्या काळात पुरं झालं, म्हणजे बांधायला सुरुवात केली एका राजवटीनं आणि संपवलं तिला बुडवणाऱ्यानं. तिथून चौमहल्ला. दरबार दालनातली झुंबरं आणि अंगणातला गारवा, दोन्हीसाठी सावकाश वेळ द्या. सासूबाईंना बसायला जागा भरपूर आहे. नंतर लाड बाजार. लाखेच्या बांगड्या इथल्याच, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. मुलीला आयत्या बांगड्या घेऊन देण्याआधी त्या बनताना दाखवा, लाख तापवून तिच्यावर एकेक खडा बसवताना. भाव करायला लाजू नका.

सालारजंगला शनिवारी दुपारी जायचं असेल तर सगळी दालनं बघायचा हट्ट सोडा. बहुतांशी एका माणसानं जमवलेलं हे भांडार आहे, ते एका दुपारी संपत नाही. बुरख्याआडची रिबेका बघा. संगमरवरातून झिरझिरीत पडदा कसा काढला असेल हे इटालियन शिल्पकार बेन्झोनीचं काम बघूनच कळावं. आणि तासाच्या ठोक्याला संगीत घड्याळासमोर बसा, आतून छोटा माणूस येऊन टोले देतो. लहानमोठी सगळी माणसं तिथं गोळा होतात. दाराशीच व्हीलचेअर मागा. सासूबाई आधी नाही म्हणतील, पण दोन दालनं झाली की बसतील.

पतींच्या टुरिस्ट बसबद्दल इथंच सांगून टाकते. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे किंवा जे एकटे आहेत त्यांना ती बरी. तुमच्यात गुडघेदुखी आणि खाण्याचे नियम दोन्ही आहेत. बस थांबेल तिथं जेवायचं आणि ती म्हणेल तेव्हा उठायचं हे तुम्हाला झेपणार नाही. त्यांचा मुद्दा एका बाबतीत बरोबर आहे: सगळी धावाधाव तुम्ही अंगावर घेऊ नये. मग रिक्षा-गाडीचा व्यवहार पूर्ण त्यांच्याकडे द्या.

सासूबाईंच्या जेवणाची तुम्ही नाहक चिंता करताय. हैदराबाद म्हणजे बिर्याणी हे बाहेरच्यांचं चित्र. आबिड्स, कोठी, काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत शुद्ध शाकाहारी हॉटेलं पिढ्यान् पिढ्या चालू आहेत. दुपारचं आंध्र पद्धतीचं जेवण त्यांना नक्की रुचेल: पप्पू म्हणजे डाळ, गोंगुऱ्याची म्हणजे अंबाडीची चटणी, भातावर पोडी आणि तूप. तिखट सोसत नसेल तर चटण्या आधी थोड्याच घ्या. बगारा बैंगन शाकाहारी ठिकाणी मिळालं तर आवर्जून मागवा. तीळ, शेंगदाणे, खोबरं, चिंच असलेलं हे वांगं त्यांना आपल्याच घरातलं वाटेल. एकच सावधगिरी: इराणी चहाच्या हॉटेलांतल्या बिस्किटांत अंडं आहे का ते विचारून घ्या, आणि तिथला चहा त्यांच्या नियमात बसणार नाही हे धरून चाला. तुम्ही मात्र तो घ्या. उस्मानिया बिस्किट बुडवून. मुक्कामही याच भागात बघा. मोबाइलवर हायटेक सिटीची चकचकीत हॉटेलं स्वस्त दिसतात, पण तिथून जुन्या शहरात यायला दिवसाचे दोन तास रस्त्यावर जातील.

आता रविवार. तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. बावीस ठिकाणं लिहिताना घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही त्यात आलं, फक्त तुमचं तेवढं तुम्ही स्वतःच खोडलंत. "कोणाला रस असणार नाही" हेही तुम्ही विचारलेलं नाही, ठरवलेलं आहे.

रविवारी सकाळी उस्मानियाला जा. तारनाका मेट्रो स्टेशनहून रिक्षा मिळते. १९१८ मध्ये सुरू झालेलं हे विद्यापीठ त्या काळी उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूतून देणारं. तुमचे आजोबा १९४० च्या दशकात तिथं होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे १९३९ मध्ये उघडलेली ती गुलाबी दगडाची आर्ट्स कॉलेजची इमारत त्यांच्या वेळी नवीकोरी होती. मराठी घरातला मुलगा, शिकायचं उर्दूतून, आणि आवारात हवा कसली? १९३८ मध्ये तिथल्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून मोठं आंदोलन झालं होतं. काढून टाकलेल्या कितीतरी मुलांना नागपूर विद्यापीठानं आसरा दिला. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. आजोबा आले ते हे सगळं ताजं असताना. १७ वर्षांच्या मुलाला, जो स्वतः पुढच्या वर्षी कॉलेजसाठी घर सोडेल, यात रस नसेल असं मला वाटत नाही. तुमच्या स्वतःच्या आईंना फोन करून आजोबा कुठल्या वर्षी, कुठल्या वसतिगृहात होते ते विचारून ठेवा. घरी जुना दाखला किंवा फोटो असेल तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. रविवारी वर्ग बंद असतील, इमारत बाहेरूनच बघता येईल, तासाभराचं काम आहे. आणि खरंच कोणाला यायचं नसेल तर तुम्ही एकट्या जा. बाकीचे तासभर झोपतील.

दुपारी तुमची बिर्याणी. मग वेळ उरला तर मोअज्जम जाही मार्केटपाशी हातानं फिरवलेलं फळांचं आइस्क्रीम, सीताफळाचं असलं तर तेच. बिर्ला मंदिर सासूबाईंनी मागितलं तर संध्याकाळी. चढ आहे हे त्यांना आधी सांगा, आणि आत मोबाइल नेता येत नाही म्हणून एकानं बाहेर थांबायची तयारी ठेवा. गाडीच्या दीड-दोन तास आधी निघा आणि रात्रीचा दहीभात शाकाहारी हॉटेलातून बांधून घ्या.

ज्या वाचकांचा बेत रमजानमध्ये ठरतोय त्यांनी वरचं वेळापत्रक उलटं करावं. हा महिना दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो, म्हणून तारखा आधी बघून घ्या. दिवसा जुन्या शहरातली बरीच खाण्याची ठिकाणं बंद असतात. तेव्हा गोवळकोंडा, संग्रहालय आणि झोप. संध्याकाळी रोजा सुटला की हलीमच्या भट्ट्यांभोवती शहर जमतं आणि चारमिनारचा बाजार मध्यरात्र उलटेपर्यंत चालतो. सोबत वृद्ध किंवा लहान मुलं असतील तर त्या गर्दीत नेऊ नका, हलीम डब्यात घालून खोलीवर आणा; हॉटेलं बांधून देतात.